शेळीच्या बीजाची निवड : धाराशिवच्या काळ्या शेळीपासून आफ्रिकेच्या बोअरपर्यंत

आपल्या ज्ञातीच्या इतिहासाविषयी अशा स्मरणिकांतून जे लेखन होते, त्यात होळकरांचा पराक्रम, देवस्थानांची माहिती आणि शिक्षणक्षेत्रातील प्रगती यांचा वृत्तान्त बहुधा येतो, व तो यावा हे योग्यच आहे. परंतु ज्या जनावरांच्या मागे आपल्या कित्येक पिढ्या रानोमाळ चालल्या, त्या जनावरांनाही इतिहास आहे, याचा आपणांस विसर पडलेला दिसतो. मेंढीविषयी थोडेफार बोलले तरी जाते. शेळी मात्र नेहमीच मागे राहिली. मेंढरांच्या खांडात पुढे चालणारी, आई मेलेल्या कोकराला आपल्या कासेला लावून घेणारी आणि घरातल्या लेकरांना चहापुरते दूध देणारी ही शेळी आमच्या माणदेशात आज पुष्कळ घरांचे मुख्य साधन होऊन बसली आहे. कारण चराईची राने गेली, वाडे घेऊन फिरणे कमी झाले, आणि दोन-तीन एकरांच्या जिराईत तुकड्यावर मेंढरांचे खांड पोसणे शक्य राहिलेले नाही. म्हणून मांसासाठी पाळावयाची काटक शेळी आपल्या लोकांनी कशी निवडली, तिच्यात बाहेरचे रक्त केव्हा व कसे आले, आणि त्यातून काय हाती लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

शेळी हे मनुष्याने माणसाळविलेल्या पहिल्या जनावरांपैकी एक होय. इराणातील झाग्रोस पर्वतात, गंज दारेह या ठिकाणी, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी शेळ्या पाळल्या जात होत्या, हे तेथे मिळालेल्या हाडांवरून संशोधकांनी दाखवून दिले आहे. त्यांचा युक्तिवाद मोठा मौजेचा आहे. हाडे कोवळ्या नरांची आणि वयस्क माद्यांची निघाली. ज्याला कळप राखावयाचा आहे तो नर लहानपणीच मारतो आणि मादी वेतांसाठी ठेवतो. शिकारी तसे करीत नाही. म्हणजे निवड ही कळपाइतकीच जुनी आहे! आपल्या प्रदेशात घोडनदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केले, त्यावरून असे दिसून येते की इसवी सनापूर्वी सुमारे एक हजार वर्षे या सुमारास पाऊसमान बिघडले, शेती खालावली, आणि लोकांचा भर शेळ्यामेंढ्यांवर वाढला. दुष्काळ पडला की कुणब्याने शेरडांकडे वळावे, ही दख्खनची रीत तीन हजार वर्षांची ठरते. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी बैल विकले आणि शेळ्या राखल्या, त्यांना हे सांगावे लागणार नाही.

आता निवडीकडे वळतो. माझे आजोबा निरक्षर होते. परंतु कळपाला लावावयाचा बोकड ठरविताना ते जे पाहात, त्यात आजच्या शास्त्राला वावगे वाटावे असे फारच थोडे होते. ते बोकडाकडे पाहण्यापूर्वी त्याच्या आईकडे पाहात. ती जुळी देते काय, दोन्ही करडे आपल्या दुधावर वाढविते काय, पावसाळ्यात खंगते की टिकते, हे त्यांना तोंडपाठ असे. एकाच वेताचा भरवसा ते धरीत नसत; तीन वेत पाहिल्याशिवाय तिच्या करडाला बोकड म्हणून राखावयाचे नाही, असा त्यांचा दंडक होता. त्यानंतर बोकडाचे पाय, खूर, छातीची रुंदी आणि अंडांची समानता पाहावयाची. एकअंड्या बोकड ते कधीही ठेवीत नसत. राखलेल्या एकाशिवाय बाकीचे नर वेळेवर खच्ची होत, आणि राखलेला बोकडही दोन वर्षांनी दुसऱ्या वाड्यात जाई, त्याच्या बदल्यात तिकडचा येई. कारण विचारल्यास ते म्हणत, “लेक बापाला दाखवू नये.” दोन वर्षांत बोकडाच्या स्वतःच्या पाटी माजावर येतात, हा हिशोब त्या बोलण्यामागे होता.

आमच्या घरी ‘चांदी’ नावाच्या एका शेळीचा वंश होता. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका, कान मध्यम लांबीचे, अंगाने बेताची. तिच्या पोटच्या पाटी जुळे देत, कधी तिळेही होई. तिचे पुढे काय झाले ते यथावकाश सांगेन.

ही काळी शेळी म्हणजेच ज्या जातीला पुस्तकांतून उस्मानाबादी म्हणतात ती, किंवा तिची सख्खी बहीण. लातूर, तुळजापूर, उदगीर हा तिचा मूळ मुलूख. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. शेळी मात्र जुन्याच नावाने ओळखली जाते. सुमारे तीन चतुर्थांश शेळ्या काळ्या, बाकीच्या पांढऱ्या, तपकिरी वा ठिपकेदार. पूर्ण वाढलेली मादी साधारण ३२ किलो, नर त्याहून थोडा अधिक. हे आकडे वाचून परदेशी मनुष्य नाक मुरडील. परंतु कडक उन्हात, बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला आणि कापणीनंतरच्या रानातले वेचे यांवर ३२ किलोंची शेळी वर्षा-दीड वर्षात दोनदा विते आणि करडे वाढवून दाखविते, याचा हिशोब वजनकाट्यावर होत नाही. संगमनेर, नाशिक, पुणे या पट्ट्यात संगमनेरी आहे. ती बहुतांशी पांढरी आणि दुधाला बरी. विदर्भात बेरारी. कोकणात कुडाळ-सावंतवाडीकडे कन्याळ. तिच्या लांब पायांना आणि अंगाला तिकडचा धो धो पाऊस सोसतो, जो आमच्या काळ्या शेळीला सोसणार नाही. या जाती कोणा एका पंडिताने निर्माण केलेल्या नाहीत. त्या त्या रानाने आणि त्या त्या रानातल्या मेंढक्याने मिळून त्या घडविल्या. जी टिकली नाही ती गेली, आणि जी टिकली तिच्यातून माणसाने निवडली.

असे असूनही आपल्याच हाताने या जातींची हानी झाली आहे, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. मुंबईत देवनारचा कत्तलखाना १९७१ मध्ये सुरू झाला. शहरे वाढली, मांसाची मागणी वाढली, आणि लोणंदसारख्या बाजारांत व्यापाऱ्यांची वर्दळ वाढली. व्यापारी वजन पाहतो. कळपातले सर्वांत जोमाने वाढलेले करडू तो आधी मागतो आणि त्याला चार पैसे अधिक देतो. बकरी ईदच्या सुमारास देखण्या बोकडाला जी किंमत येते, ती पाहून कोणाचेही मन डळमळावे. परिणाम असा की उत्तम नर सहा-आठ महिन्यांतच विकला जातो, आणि ज्याला कोणी विचारले नाही तो मागे उरून कळपाचा बाप बनतो. आजोबांच्या रीतीची ही बरोबर उलटी रीत झाली. दहा-पंधरा वर्षे असे चालले म्हणजे शेळ्या लहान होत जातात. मग आपणच म्हणतो, गावठी जातीत दम राहिला नाही, बाहेरचे रक्त आणले पाहिजे. गरीब माणसाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याने तीन वेतांचा हिशोब करीत बसावे असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. तथापि रोग कोठे आहे हे कळल्याखेरीज औषधाची भाषा व्यर्थ होय.

बाहेरच्या रक्ताची कथा ऐकण्यासारखी आहे, आणि ती पुष्कळदा आपल्याच देशात येऊन मिळते. इंग्रजी आगबोटींतून प्रवाशांना ताजे दूध मिळावे म्हणून शेळ्या नेत. हिंदुस्थानातील लांब कानांच्या, उंच शेळ्या (त्यांत जमुनापारी मुख्य) आणि इजिप्तकडील शेळ्या अशा रीतीने विलायतेस पोचल्या. तिकडच्या शेळ्यांशी त्यांचा संकर होऊन अँग्लो-न्युबियन ही जात झाली, आणि १९१० मध्ये तिची स्वतंत्र नोंदवही सुरू झाली. पुढे न्यूझीलंडमध्ये बॅटन दांपत्याने याच अँग्लो-न्युबियनचे, तसेच सानेन व टोगेनबर्ग जातींचे बोकड तेथील रानटी झालेल्या शेळ्यांना लावले. रानटी शेळ्यांचे मूळ कॅप्टन कुक व नंतरचे गोरे वसाहतवाले यांनी सोडलेल्या जनावरांत होते. बॅटन यांचा मार्ग कठोर होता. खूर कापावयाचे नाहीत, जंताचे औषध पाजावयाचे नाही, वीताना मदत करावयाची नाही. त्यातून जी वाचेल आणि करडे वाढवील तीच ठेवावयाची. या जातीला त्यांनी ‘किको’ असे नाव दिले. माओरी भाषेत त्याचा अर्थ मांस. हे वाचले तेव्हा मला आजोबांची आठवण झाली. एवढेच की आजोबांच्या बाबतीत निवडीचे कठोर काम दुष्काळ करीत असे.

सध्या ज्या जातीचे नाव बाजारोबाजारी ऐकू येते ती बोअर. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागात खोईखोई आणि बांटू पशुपालकांच्या शेळ्या फार पूर्वीपासून होत्या. डच वंशाच्या शेतकऱ्यांनी त्यांतून आखूड केसांच्या, भरल्या अंगाच्या, पांढऱ्या शरीराच्या आणि तांबड्या डोक्याच्या शेळ्या निवडीत नेल्या. ‘बोअर’ म्हणजे शेतकरी. अंगोरा शेळीपासून निराळी ओळखू यावी म्हणून हे नाव पडले असावे, असे मानतात. अंगोरा तेथे १८३८ मध्ये गेली, त्याचीही एक गंमत सांगतात. तुर्कस्तानातून बारा बोकड आणि एक शेळी जहाजावर चढविली. आपला मोहेरचा धंदा परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून बोकड आधीच निकामी केलेले होते. पण शेळी गाभण होती, आणि वाटेतच तिला बोकड झाला! असो. १९५९ च्या जुलै महिन्यात सॉमरसेट ईस्ट येथे बोअर पैदासकारांचा संघ स्थापन झाला आणि जातीची लक्षणे लिहून ठरविण्यात आली. १९७० पासून वजनांची व वाढीची पद्धतशीर नोंद होऊ लागली. ज्या जातीचा नर शंभर किलोंच्या वर जातो, तिच्या मागे असा कित्येक दशकांचा नोंदवहीचा इतिहास आहे. आपण बोकड पाहतो, वही पाहात नाही.

आपल्या देशात बोअर प्रथम आणण्याचे श्रेय फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेकडे जाते. १९६८ मध्ये बनबिहारी निंबकर यांनी स्थापिलेल्या या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात गोठविलेल्या भ्रूणांच्या मार्गाने ही जात आणली आणि उस्मानाबादीशी तिचा संकर करून पाहिला. त्यापूर्वी राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठात संगमनेरी शेळ्यांना अंगोरा बोकड लावून मोहेर मिळविण्याचे प्रयोग १९७० नंतरच्या काळात झाले होते. परंतु ते केस आपल्या वाड्यांपर्यंत काही पोचले नाहीत. शासनाच्या शेळी-मेंढी विकास महामंडळाच्या महूद, रांजणी, दहिवडी, पडेगाव इत्यादी प्रक्षेत्रांवर देशी जातींचेही संगोपन होत आले आहे. आमच्या भागातील पुष्कळांना ही प्रक्षेत्रे शेजारी असूनही ठाऊक नाहीत, हे खेदाने म्हणावे लागते.

संकराचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. दोन दूरच्या जातींचे जनावर मिळाले म्हणजे पहिल्या पिढीत एक जोम येतो. करडू दोन्ही आईबापांच्या सरासरीपेक्षा बरे वाढते. उस्मानाबादी शेळी आणि बोअर बोकड यांची पहिली करडे वजनाला खरोखरीच सरस होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हा जोम ठेवीसारखा नाही. अर्ध्या रक्ताचा बोकड अर्ध्या रक्ताच्या शेळीला लावला की पुढच्या पिढीत तो जोम निम्म्यावर येतो, करडे निरनिराळ्या घडणीची निघतात. आणि पुन्हा पुन्हा बोअरच लावीत गेल्यास शरीर मोठे होते, पण ते शरीर पोसण्यास लागणारा चारा आपल्या बांधावर नसतो. म्हणून जाणते लोक सांगतात की पहिल्या पिढीची सर्व करडे, नर आणि बहुधा माद्याही, खाटकाकडेच जावीत. कळप मात्र शुद्ध देशी शेळ्यांचा राखावा. बारीक अंगाच्या पहिलारू पाटीला मोठ्या जातीचा बोकड लावू नये, करडू अडते, हेही ध्यानात ठेवावे.

याविषयी अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तेथे १९९३ मध्ये बोअर पोचली आणि तिच्या किमती आकाशाला भिडल्या. काही वर्षांनी टेनेसी राज्य विद्यापीठात बोअर, किको आणि टेक्सासकडील जुनी स्पॅनिश शेळी या तिघींना एकाच दमट कुरणावर, एकाच व्यवस्थेत ठेवून वर्षानुवर्षे नोंदी केल्या. त्यांत बोअर माद्या अधिक मेल्या, जंतांनी अधिक पीडल्या आणि त्यांच्या हाती दूध तुटलेली करडे कमी आली. किको व स्पॅनिश सरस ठरल्या. याचा अर्थ बोअर वाईट असा नव्हे. ईस्टर्न केपच्या कोरड्या झुडपी रानात ती उत्तमच आहे. परंतु जात रानासकट येत नाही.

आमच्या भावकीतील एका तरुणाने काही वर्षांपूर्वी कर्ज काढून एक बोकड आणला. तांबडे डोके, पांढरे अंग, जणू चित्रातला. विकणाऱ्याने शुद्ध बोअर म्हणून सांगितले. कागद मात्र दिला नाही. तेथे तो रोज खुराक खात होता, येथे त्याच्या वाट्याला कडबा आणि शेवरीचा पाला आला. पहिल्या वर्षी करडे जोरात वाढली, गाव पाहावयास आले, आणि मीसुद्धा त्याची पाठ थोपटली, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या पावसाळ्यात बोकडाचे खूर सडू लागले, जंत झाले, आणि श्रावणात तो गेला. तेव्हा त्याच्याच अर्ध्या रक्ताचा एक धिप्पाड मुलगा कळपाला राखण्यात आला. त्याची करडे पाहून कळले की मूळचा बोकडही शुद्ध नव्हता: काही तांबडी, काही काळी, काही पाय वाकडी, जुळ्यांचे प्रमाणही घटले. हप्ते थकले. ते फेडण्यासाठी ज्या शेळ्यांना बाजारात पटकन भाव येईल त्या आधी विकल्या गेल्या, आणि त्यांत चांदीच्या वंशातल्या उरलेल्या तिन्ही शेळ्या होत्या. त्या खाटकाकडे गेल्या की कोणाच्या गोठ्यात, हे नंतर पुष्कळ विचारूनही कळले नाही. बोकडाची किंमत फिटली. परंतु आजोबांनी आणि त्यांच्या वडिलांनी जे सुमारे साठ वर्षे राखले, ते एका बाजाराच्या दिवशी गेले. त्या मुलाला मी काही बोललो नाही. कारण बोकड आणावयास निघाला तेव्हा मी त्याला अडविले नव्हते.

संकर शहाणपणाने केल्यास काय साधते याचेही एक उदाहरण फलटणलाच आहे, मेंढीचे असले तरी येथे सांगण्याजोगे आहे. सुंदरबनातील गारोळ ही मेंढी अंगाने अगदी लहान, पण तिच्यात जुळ्या-तिळ्यांचे एक विशिष्ट जनुक आहे. ऑस्ट्रेलियातील बूरूला मेरिनोमध्ये सापडलेले हेच जनुक अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून तिकडे गेलेल्या मेंढ्यांबरोबर पोचले असावे, असे अनुमान आहे. फलटणच्या संशोधकांनी गारोळ मेंढा आणून दख्खनी मेंढीशी संकर केला, आणि मग दर पिढीला पुन्हा दख्खनी रक्त घालीत, जनुक तेवढे तपासून राखीत, ‘सुवर्णा’ ही मेंढी सिद्ध केली. अंग दख्खनी, कूस गारोळची. येथे बाहेरून नेमके काय हवे हे आधी ठरले होते, आणि बाकीचे सारे घरचेच ठेवावयाचे होते. आमच्या त्या तरुणाला बाहेरून काय हवे होते? विचारले असते तर म्हणाला असता, “मोठेपणा.”

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्यांची संख्या एक कोटी सहा लाखांच्या आसपास निघाली. यांतील फार मोठा भाग पाच-दहा शेळ्यांच्या लहान कळपांत आहे, आणि एवढ्या शेळ्यांसाठी स्वतंत्र उत्तम बोकड पोसणे एका घराला परवडत नाही. एक बोकड पंचवीस-तीस शेळ्यांना पुरतो. म्हणून गेल्या दोन वर्षांपासून आमच्या वस्तीवरील पाच घरांनी मिळून एक बोकड ठेवला आहे. तो जुळ्यातला आहे, त्याच्या आईचे तीन वेत आम्ही स्वतः विचारून घेतले, आणि तो कोणीही विकावयाचा नाही, असे ठरले आहे. दर घरी एक वही आहे. तीत शेळीचे नाव, फळल्याची तारीख, विल्याची तारीख, करडांची संख्या आणि तीन महिन्यांचे वजन लिहितात. लिहिण्याचे काम बहुतेक घरांत शाळेत जाणाऱ्या मुली करतात, आणि त्या पुरुषांपेक्षा अचूक लिहितात. बोकडाची दोन वर्षे येत्या दिवाळीला भरतील. त्याच्या जागी आणावयाचा बोकड तुळजापूरकडचा असावा की महूदच्या प्रक्षेत्रावरचा, यावर सध्या वाद चालू आहे.

गेल्या वैशाखात त्याच शोधात हिंडताना पंढरपूरच्या वाटेवर एका वाड्यात कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक काळी शेळी दृष्टीस पडली. तिच्या मालकिणीला, “बाई, ही कुठली?” असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “बाजारातनं घेतली, तिचं मूळ कुणाला ठावं? पर दर खेपेला दोन देती.” ती शेळी विकावयास त्या तयार झाल्या नाहीत. तिची एक पाट मात्र मी ठरल्याहून थोडे अधिक देऊन आणली आहे. तिला आता सातवा महिना चालू आहे.